देवघराच्या पाठीवरचा चार्ट

मंदा सिस्टरला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. खोटं काहून लिहू, एकदा पाहिलं, ते पुढे येईल. बाकी इतकी वर्षं ती रायपूरच्या पुरानी बस्तीत आमच्याच गल्लीत राहिली, दोन घरं सोडून, अन् दिसली ती उभी नाही तं चालताना. चहासुद्धा चालत प्यायची. कप हातात घेऊन तुळशीपासून फाटकापर्यंत, फाटकातून गल्लीत, गल्लीतून कोणाच्याही ओट्यापर्यंत. चहा जिथे संपेल तिथे कप ठेवायचा अन् पुढे निघायचं. कोणाच्या ओट्यावर निळ्या काठाचा कप दिसला की समजावं, सिस्टर इथून गेली. बाया संध्याकाळी तिचे कप गोळा करून परत नेऊन द्यायच्या.

परवा तिच्या भाच्याचा नागपूरहून फोन आला. सिस्टर गेली. तो म्हणाला, काका, भिंतीवर लावायला एकही फोटो नाही, तुमच्याकडे आहे का. मी शोधला. माझ्या बायकोच्या, शोभाच्या, जुन्या फोटोंमध्ये गल्लीचा हळदीकुंकवाचा एक फोटो आहे, त्यात सगळ्या बाया ओळीनं बसल्या आहेत अन् काठावर एक पांढरी साडी चालली आहे. तोंड नाही. तीच सिस्टर. हा काही भिंतीवर लावायचा फोटो नव्हे. म्हणून हे लिहायला बसलो. मी चौथी शिकलो, सारी उमर उरला गावच्या रोलिंग मिलमध्ये तापलेलं लोखंड ओढण्यात गेली. जसं जमेल तसं लिहीन.

सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. मूळची यवतमाळकडची, नोकरीला रायपूरला आली अन् इथलीच झाली. रिटायर झाली तेव्हा गल्लीला वाटलं, आता ही दिवसभर आपल्या डोक्यावर बसणार. बसायची तं सवयच नव्हती. तिनं अंगणात दोन टेबलं टाकली अन् एमडीएफच्या बोर्डाचं काम सुरू केलं. किल्ल्या अडकवायचे बोर्ड, घड्याळाच्या तबकड्या, नावाच्या पाट्या, चौरंग. बाजारातून कोरे कापलेले आणायचे अन् घासून, प्रायमर मारून, रंग देऊन असे करायचे की लाकूड लाजावं. पाहून पाहून पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, बाया जमल्या. कोणी क्लास म्हणत नव्हतं. म्हणायच्या, वॉर्डात चाललो.

अन् वॉर्डच होता तो. आत जायचं तं नाकाला मास्क अन् केसांवर टोपी. मी एकदा शोभाचा चष्मा द्यायला गेलो तं मला फाटकातच अडवलं.

"मास्क लावा पहिले, भाऊ."

मी म्हटलं, मिलची धूळ खाऊन म्हातारा झालो, मला काय होते.

"मिलच्या धुळीले तुमची ओळख आहे," ती म्हणाली. "हिले नाही." अन् माझ्या तोंडावर मास्क बांधून दिला, लहान पोट्ट्याला बांधावा तसा. शोभा टोपी घालून आत हसून राहिली होती.

तिथे टेबलावर पडलेल्या प्रत्येक बोर्डाला एक कागद होता, कपड्याच्या चिमट्यानं लावलेला. त्यावर सगळं लिहिलेलं. कडा कधी भरल्या, प्रायमरचा पहिला हात किती वाजता, घासायचा कागद, म्हणजे रेगमाल, कोणत्या नंबरचा फिरवला, दुसरा हात कधी, अन् समोर ज्या बाईनं केलं तिच्या नावाचं पहिलं अक्षर. दवाखान्यात पलंगाच्या पायाशी लटकते ना, तसं. सिस्टर त्याला चार्टच म्हणायची. रंग वाळला का हे ती बोट लावून पाहत नव्हती. हात उलटा करून बोटांची मागची बाजू अलगद टेकवायची, ताप पाहतात तशी. मग घड्याळ पाहून लिहायची.

तिचं एक बोलणं सगळ्या बायांना पाठ होतं. "तोंड तं कोणीही रंगवते. कडा पहिले." एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा अन् गोंद दाबून केलेला बोर्ड. तोंड गुळगुळीत असते, पण जिथे कापलं तिथे तो उघडा असतो. तिथून रंग पितो, पाणी पितो. कडांना गोंदपाण्याचा हात, मग प्रायमर, मग घासणी, मग पुन्हा प्रायमर, असं तीन-तीनदा केल्याशिवाय ती रंगाच्या डब्याला हात लावू देत नव्हती. कोपऱ्यावरच्या भाभीनं एकदा कडा न भरताच घड्याळाला निळा रंग मारला अन् वरून चार्टवर लिहून टाकलं की भरल्या. सिस्टरनं कड नखानं खरवडली, भाभीच्या हातात खरखरीत रेगमाल दिला अन् फिरायला निघून गेली. भाभीनं सारा निळा घासून काढला. नंतर मला म्हणत होती, बोर्डापेक्षा चार्टवर खोटं लिहिल्याचा राग होता तिले.

आता गंमत पहा. ज्या बाईला दोन मिनिटं एका जागी उभं राहवत नाही, तिनं काम निवडलं ते सारं थांबायचं. हात मारा, थांबा. घासा, पुसा, हात मारा, थांबा. मी तिला एकदा तसं म्हटलं. ती म्हणाली, समोर राहिली तं हात लावल्याशिवाय राहवत नाही, म्हणून पायाले काम देते. खरंच द्यायची. हात मारून झाला की चप्पल घालून निघायची, बूढ़ा तालाबाला दोन फेऱ्या मारायची, अन् बरोबर वाळायच्या वेळेला फाटकात हजर. हातात घड्याळ नसलं तरी. चपला टाचेकडून झिजून कागदासारख्या झाल्या होत्या.

शोभा तिच्याकडे जायला लागली ती आजारी पडल्यावर. किडनीचं होतं. आठवड्यातून दोनदा दवाखाना, बाकी दिवस घरात पडून भिंत पाहायची. सिस्टर एक दिवस चहाचा कप घेऊन आमच्या घरात शिरली, शोभाकडे पाहिलं अन् म्हणाली, भिंत पाहून काय करता, बोर्ड पहा. अन् घेऊन गेली. शोभानं किल्ल्यांचा बोर्ड केला, पाटी केली. मग म्हणाली, जी, मी देवघर करणार.

आमचे देव तोवर लोखंडात राहत होते. नवीन लग्न होतं तेव्हा मिलमधल्या पत्र्याचं देवघर मीच वेल्डिंग करून घेतलं होतं. दर दिवाळीला मी ते अंगणात नळाखाली धरायचो, ब्रशनं घासायचो अन् उन्हात ठेवायचो. शोभाला ते कधी आवडलं नाही. तिनं माहेराहून आणलेली पितळेची अन्नपूर्णा त्यात कैद्यासारखी दिसते म्हणायची. मी म्हणायचो, गंजत तं नाही ना.

तिनं एमडीएफचं जाळीदार देवघर आणलं, दोन दारांचं, अन् लोखंडाचं भंगारात देऊन देव थाळीत ठेवले. अन् रंग निवडला हिरवा. सिस्टर फिरता फिरता थांबली.

"शोभाताई, उभी जिंदगी मी ऑपरेशनच्या पडद्याचा हिरवा पाहिला. आता देवाले पण त्यातच झोपवता का?"

शोभा म्हणाली, तो हिरवा वेगळा, हा शेवग्याच्या पानाचा. दोघी आठवडाभर भांडल्या. शेवटी शेवग्याचं पानच झालं.

दसऱ्यानंतर शोभाला दवाखान्यात ठेवलं. परत आणलं ते नाही लिहीत.

बाराव्या दिवशी सिस्टर देवघर घेऊन आमच्या घरी आली. रंग झाला होता. वरून लॅकरचा हात राहिला होता अन् खालच्या पाटाच्या बुडाच्या कडा भरायच्या होत्या, शोभानं ते शेवटी करायला ठेवलं होतं. सिस्टर म्हणाली, उद्या तेरावी झाली की देव यात ठेवा, राहिलेलं नंतर करू. आणखी काहीतरी सांगून राहिली होती. मी ऐकलं नाही. त्या दिवसांत मला कोणाचंच ऐकू येत नव्हतं, लोकांचे फक्त ओठ हलायचे.

तेराव्या दिवशी सकाळी घर धुतलं. सुतक सुटलं, गोमूत्र शिंपडलं, देवांना आंघोळ घातली. अन् मी ते देवघर उचललं, अंगणात नेलं, नळाखाली धरलं अन् ब्रशनं घासलं. चांगलं घासलं. बाजूनं, खालून, जाळीतून. मनात हेच की शोभाचं काम आहे, त्यावर सुतकाचा कण राहू नये. मग उन्हात ठेवलं.

दोन दिवसांत खालचा पाट फुगला. कडा अशा उकलल्या जशी भिजलेली वही. उजवं दार घासायला लागलं, डावं लागेचना. देव मी परत थाळीत ठेवले, गव्हाच्या कोठीवर.

नितीन, माझा मुलगा, नवा रायपूरला नोकरीला आहे. तो आला, पाहिलं. "पापा, ये तो गया. मार्बल का ला देता हूँ, नये घर में वही अच्छा लगेगा." महिनाअखेरी मला त्याच्या फ्लॅटमध्ये न्यायचं ठरलं होतं, घर भाड्यानं द्यायचं होतं. मी त्याला मराठीत सांगितलं, हे देवघर येईल तं मी येईन. तो म्हणाला, टूटा हुआ मंदिर कौन ले जाता है पापा. मी म्हटलं, टूटा नाही, फुगला आहे.

दुसऱ्या दिवशी मी देवघर गमछ्यात गुंडाळून सिस्टरच्या फाटकात उभा राहिलो. शिव्या खायची तयारी करून गेलतो. तिनं गमछा सोडला, फुगलेल्या पाटाला हात उलटा करून लावला, चारी कोपरे पाहिले. मग माझ्याकडे पाहिलं.

"लोखंडाचा माणूस तुम्ही," ती म्हणाली. "तुमच्या हाताले वाटते, धुतलं का सगळं साफ होते."

बस, एवढंच. मी विचारलं, जसं होतं तसं होईल का. ती म्हणाली, फुगलेला बोर्ड कधी पूर्ण बसत नाही, पण उभा राहील, दार लागेल. अट एक, आठ दिवस हात लावायचा नाही, आतपर्यंत वाळू द्यायचं. पंखा लावला, सावलीत भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड भिंतीकडे. अन् निघाली फिरायला.

मी रोज जायचो. काम काही नव्हतं, पण घरात बसवत नव्हतं. मी पण तिच्यासारखा झालो होतो, या खोलीतून त्या खोलीत. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मला दिसलं, देवघराच्या पाठीला चार्ट आहे. खिळ्यानं ठोकलेला, माझ्या पाण्यानं सुरकुतलेला, पण डॉटपेनचं अक्षर शाबूत. मी चष्मा लावून वाचायला बसलो. वाचायला मला वेळ लागते.

सगळ्यात खाली लाल पेनानं लिहिलं होतं, पाणी लावू नये, कोरड्या फडक्यानं पुसावे. बाराव्या दिवशी तिचे ओठ हेच सांगून राहिले होते.

मग वरून वाचलं. छत, पहिला हात, शो. म्हणजे शोभा. त्याच्या खाली, छत, घासून परत, मं. म्हणजे मंदा. डावं दार, दुसरा हात, शो. खाली, डावं दार, घासून परत, मं. बाजूची जाळी, शो. बाजूची जाळी, घासून परत, मं. मी बोट ठेवून ठेवून खालपर्यंत गेलो. जिथे जिथे शो होतं तिथे तिथे खाली मं होतं. उजवं दार सोडून. उजव्या दारासमोर नुसतं शो.

म्हणजे ज्याच्यासाठी मी मुलाशी भांडलो, ज्याच्यावर मी कोणाला बोट ठेवू देत नव्हतो, ते शोभाचं नव्हतंच. एक दार सोडून.

सिस्टर फिरून आली. मी कागद दाखवला. म्हटलं, हे काय लिहिलं.

"जे केलं ते."

"तिले माहीत होतं?"

"हात कापे तिचा, भाऊ. ब्रश ओढला का लाटा उमटत. मी अशे पेशंट पाहिले आहेत. एक गोष्ट हातून सुटली का मग बाकीच्या सुटत जातात. ती दवाखान्यात जाय त्या दिवशी मी घासून घेई अन् परत हात मारी."

"अन् दार?"

"ते करायच्या पहिलेच ती दवाखान्यात गेली. मग हात नाही लागला माझा."

मी म्हटलं, तुम्ही तिला फसवलं अन् मला पण. अन् फसवायचंच होतं तं लिहिलं काहून. लिहिलं नसतं तं मला कधी समजलं नसतं.

ती चालता चालता बोलत होती, टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. "लिहिल्याबिगर कसं राहू? जो डोस दिला तो लिहाच लागते. नाही लिहिला तं दुसरी सिस्टर येते अन् पुन्हा देते."

मी गमछा उचलला अन् घरी आलो. देवघर तिथेच ठेवून. चार दिवस गेलो नाही. पायात नुसते काटे. कोठीवरच्या थाळीत अन्नपूर्णा एका अंगावर पडली होती, ती उभी करावी असंही वाटेना. मनात तेच ते फिरे, छत शो, छत मं. रागही कोणावर करावा समजेना. सिस्टरवर करावा तं तिनं काय वाईट केलं. शोभावर करावा तं ती नाही.

पाचव्या दिवशी दुपारी गल्लीत ई-रिक्षा आला. आत सिस्टर, दांडा धरून उभीच. रिक्षावाला विचारत होता, ये माताजी इसी पारा की हैं क्या. शहराच्या पार टोकाला, टाटीबंधला, हायवेच्या कडेला चालत होती, टोपी अन् मास्क घालून, हातात रेगमालचा तुकडा. त्यानं विचारलं कुठे जायचं तं म्हणाली, तलावाच्या दोन फेऱ्या झाल्या, आता वॉर्डात. बाया म्हणाल्या, हे पहिल्यांदा नाही, मागच्या महिन्यात पण असंच झालं होतं. कपही आजकाल कोणी आणून दिले नाही तं तिला आठवत नव्हते. आम्ही सारे हसत होतो त्या कपांवर.

मी तिच्या मागं अंगणात गेलो. ती टेबलाटेबलानं फिरत होती, एकेक चार्ट हातात घेऊन. देवघरासमोर थांबली.

"हे कोणाचं?"

मी म्हटलं, शोभाचं.

"हव. शोभाताईचं." मग पाठ फिरवून चार्टकडे पाहू लागली. चष्मा कुठेतरी राहिला होता. "काय काय झालं याचं? वाचा बरं."

मी वाचून दाखवलं. सगळं. शो वाचलं, मं वाचलं. एकही ओळ सोडली नाही. सोडावी असं एकदा मनात आलं, पण मग ती दुसरी येते अन् पुन्हा डोस देते, ते आठवलं. ती दुसरी आता हीच होती. वाचायला मला वेळ लागला, तिनं घाई केली नाही.

वाचून झालं तेव्हा ती रंगाच्या उलट्या डब्यावर बसली. हेच ते, मी तिला बसलेलं पाहिलं ते. हात मांडीवर, पाय गप्प.

"एक लिहिलं नाही यात," ती म्हणाली. "शोभाताईनं मले एकदा विचारलं होतं. म्हणे, सिस्टर, मी लावते तेव्हा लाटा असतात, दुसऱ्या दिवशी सपाट कसं होते? रंग वाळताना आपोआप बसते का? मी म्हटलं, हव, बसते. ती हसली. मग म्हणाली, तुमच्या चपला खूप झिजल्या बाप्पा."

शोभा कोणाच्या चपला उगाच पाहणारी नव्हती.

सिस्टर उठली. "चला. वाळलं आहे. शिकंजे आहेत का तुमच्यापाशी? लोखंडाचे, बोर्ड आवळायचे?"

ते मात्र माझं काम होतं. मिलमधल्या जुन्या फिटरकडून मी चार शिकंजे आणले. सिस्टरनं इंजेक्शनची सिरिंज काढली, जाड सुईची, अन् त्यात गोंद भरला. फुगलेल्या कडेला जिथे थर उकलले होते तिथे सुई टोचून गोंद आत सोडत गेली, बोटभर अंतरानं. त्या वेळी तिचा हात जरा कापला नाही. डोकं कुठे भटकत असो, बोटं ड्यूटीवर होती. मग वरखाली प्लास्टिक अन् पाट्या ठेवून मी शिकंजे आवळले. ती म्हणे, हळू भाऊ, लोखंड नाही ते, जरा जरा. दुसऱ्या दिवशी सोडलं तं पाट खाली बसला होता. पूर्ण नाही, पण बसला होता. जास्तीचं तिनं घासायला सांगितलं, मी घासलं. कडा भरल्या, मी भरल्या, तीन वेळा. बुडाच्या सुद्धा. शोभाच्या डब्यातला हिरवा उरला होता, खालच्या पाटाला तोच लावला.

प्रत्येक वेळी ती विचारायची, हे कोणाचं. प्रत्येक वेळी मी चार्ट वाचायचो अन् ती पुढचा हात सांगायची. लिहायची तीच. माझ्या कामासमोर भा लिहायची, भाऊचा भा. माझं नाव तिला तेव्हा आठवत होतं की नाही देव जाणे.

शेवटी लॅकर राहिलं. तिनं ब्रश माझ्या हातात दिला. उजवं दार आलं तसा मी थांबलो. उन्हात तिरपं धरलं की त्याच्यावरच्या लाटा दिसत होत्या, एकामागून एक, मधात मधात ब्रश उचलून दम घेतलेल्या जागासुद्धा. मी विचारलं, लॅकरच्या पहिले हे घासायला पाहिजे ना, नियमानं. तिनं चार्ट पाहिला, दार पाहिलं.

"नियमानं पाहिजे," ती म्हणाली. अन् तलावाकडे निघाली.

मी मागून ओरडलो, सिस्टर, एकट्या नका जाऊ, अन् तिच्यामागं गेलो. दोन फेऱ्या सोबत मारल्या. परत येऊन दार न घासता तसंच लॅकर मारलं. तिनं हात उलटा करून टेकवला, वेळ लिहिली अन् खाली लाल पेनानं शेवटची ओळ लिहिली. देव नाही, पंधरा दिवस. मी म्हटलं, वाळलं तं आहे. ती म्हणाली, हाताले वाळलं, आतून नाही. आता ठेवले तं देवाचे पाय चिकटतील अन् तुम्ही ओढून काढाल.

आता मी नवा रायपूरला राहतो, नितीनकडे. रस्ते इतके रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाही, अन् पायी चालणारा तं दिसतच नाही. मला इथे चैन पडत नाही. सकाळी निघतो, चौकापर्यंत जातो, परत येतो, पुन्हा निघतो. सून म्हणते, पापाजी बैठिए ना. देवघर माझ्या खोलीत आहे. मार्बलचं बाहेर हॉलमध्ये, ते त्यांचं. खालच्या पाटाला अजून जरासा फुगवटा आहे, माहीत असणाऱ्यालाच दिसेल असा. उजवं दार उघडलं की सकाळच्या उन्हात लाटा दिसतात. ते दार मी कोणाला पुसू देत नाही, कोरड्या फडक्यानंही.

सिस्टरला शेवटचं पाहिलं ते मी गल्ली सोडायच्या आठवडाभर आधी. भाचा नागपूरहून गाडी घेऊन आला होता. तिची एक पेटी, एक पिशवी, बस. सारा पारा फाटकात जमला होता. बायांनी तिचे निळ्या काठाचे कप धुऊन, कागदात गुंडाळून दिले. ती कोणाला ओळखून राहिली होती, कोणाला नाही. भाभीला म्हणाली, तुमचं घड्याळ चालते का. माझ्याकडे पाहिलं अन् तोंड फिरवलं. मी म्हटलं, सिस्टर, मी, दोन घरं सोडून. ती भाच्याला म्हणाली, हे वॉर्डबॉय चांगले आहेत, अन् गाडीत बसली. बसली म्हणजे भाच्यानं बसवली. दोनदा दार उघडून उतरली, दोनदा परत बसवली.

गाडी निघाली. गल्लीच्या वळणावर काच खाली झाली अन् तिचा हात बाहेर आला. पाची बोटं पसरलेली. बाया हात हलवायला लागल्या, बाय बाय सिस्टर म्हणून. तिचा हात काही हलत नव्हता. तसाच, ताठ, पाच बोटं, माझ्याकडे. गाडी वळली तरी दिसत होता.

मी घरी येऊन चार्ट पाहिला. लॅकर मारून दहा दिवस झाले होते.

पाच दिवस मी कोठीसमोर येरझारा घातल्या. सहाव्या दिवशी सकाळी आंघोळ करून अन्नपूर्णा उचलली, आत ठेवली अन् उजवं दार लावलं.